मूळ कारण : पोर्ट नऊ

“फेलबॅक बंद केलंय न्हवं, सर?”

खंडागळेमामा रॅकच्या मागे उकिडवे बसले होते. मला त्यांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड तेवढा दिसत होता, केबलींच्या जंजाळातून गाळून आलेला.

“केलंय,” मी म्हणालो.

“परत एकदा बघा की.”

“बघितलं, मामा.”

हे बोलताना मी मोबाइलमधून मान वर केली होती की नाही, ते मला आठवत नाही. निदान पुढची बरीच वर्षं मी तसंच सांगत आलो.

जागा होती एका ट्रस्टच्या चारशे खाटांच्या हॉस्पिटलचं तळघर. दुपारचे दोन वाजायला आठ मिनिटं कमी. तळघरात जिन्याच्या डाव्या हाताला शवागार आणि उजव्या हाताला सर्व्हर रूम. दोन्हीकडे गारवा लागतो, तेव्हा बांधकामाच्या वेळी कोणा काटकसरी माणसाने दोघांची सोय एकाच कूलिंग प्लँटवर लावली होती. जिन्यात पाटीही एकच होती, बाण दोन्हीकडे. मयताचे नातेवाईक अधूनमधून चुकून आमच्याकडे येत आणि पंख्यांचा घोंघाट ऐकून दारातच थबकत. मग मामा हातातलं काम ठेवून उठत आणि त्यांना समोरच्या दारापर्यंत पोचवून येत. हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं.

यादीप्रमाणे ते कंत्राटी केबल टेक्निशियन होते. बार्शीकडच्या एका खेड्यातले, वय अठ्ठेचाळीस, कंत्राटावर तेरा वर्षं. हॉस्पिटलातल्या प्रत्येक केबलला त्यांच्या अक्षरातली पांढरी चिठ्ठी होती. त्या महिन्यात अखेर त्यांना कायम करायचं ठरलं होतं. पत्र टाइप होऊन आयटीच्या प्रमुख आराध्ये मॅडम यांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं, सही एक तारखेला व्हायची होती, आणि त्या दिवशी सव्वीस तारीख होती.

“कायम झालो की पहिलं काम, आजारी पडणार,” मामा मला सकाळीच म्हणाले होते. “तेरा वर्षांत पडलो न्हाई. पगारी रजा मिळती म्हणं. चांगला टायफाईड काढतो.”

“टायफॉइड कशाला? सर्दीने सुरुवात करा.”

“सर्दीला कोन रजा देतंय, सर?”

मी म्हणजे केळशीकर. तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, आणि ज्या कंपनीने ती यंत्रं विकली होती तिचा इंजिनिअर म्हणून पुण्याहून महिन्यातून दोनदा जात असे. मामा माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठे आणि मला सर म्हणत. मीही ते ऐकून घेत असे.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझ्या हातून घडलं ते किती किरकोळ होतं हे कळणार नाही. हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे आणि स्कॅन एका कपाटाएवढ्या स्टोरेजमध्ये साठवलेले असत. सर्व्हरना त्या कपाटापर्यंत जायला मध्ये स्विच लागतो आणि स्विचला पोर्ट असतात, म्हणजे दारंच म्हणा. आमचे आठ सर्व्हर नऊ नंबरच्या दारातून ये-जा करत. एखादं दार बंद पडलं की स्विच त्यातल्या सगळ्यांना आपोआप शेजारच्या दाराकडे वळवतो, त्याला म्हणायचं फेलओव्हर. मूळ दार पुन्हा सुरू झालं की सगळ्यांना उचलून परत तिथे आणून सोडतो, ते फेलबॅक. ही दुसरी कल्पना ज्याने काढली तो फार आशावादी माणूस असणार. परत आलेली गोष्ट धड होऊनच परत आली आहे, असं त्याने गृहीत धरलं होतं.

त्या आठवड्यात नऊ नंबर सारखं पडत होतं. केबल खराब. आठही सर्व्हर दहा नंबरवर गेले होते आणि तिथे सुखात होते. नवी केबल घालायची, तपासायची आणि मग एकेकाला हाताने परत आणायचं, एवढंच काम होतं. पण त्याआधी फेलबॅक बंद करायचं असतं. नाहीतर नव्या केबलचा दिवा लागल्या लागल्या स्विचला वाटतं, झालं सगळं ठीक, आणि तो आठहीजणांना घाईने परत ओढतो. बंद करायला एका ओळीची आज्ञा लागते. मी ती दिली होती.

मामांची काम करायची रीत वेगळी होती. बाकीचे टेक्निशियन केबल एकदा खोचत आणि चहाला जात. मामा केबलचं टोक खोचत, दिवा हिरवा झाला की काढत, स्पिरिटच्या बोळ्याने पुसत, छोट्या दुर्बिणीतून बघत आणि पुन्हा खोचत. असं तीनदा.

“धुळीचा कण म्हंजे आत डोंगर हाय, सर. उजेड जायाचा कसा?”

त्या दुपारीही त्यांनी तसंच केलं. घातली, काढली, पुसली. घातली, काढली, पुसली. तिसऱ्यांदा घातली आणि म्हणाले, “आता बगा. आरशावानी.”

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

“केळशीकर, खाली काय चाललंय?” आराध्ये मॅडम होत्या. “कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन उघडत नाहीये. डोक्याला मार लागलेला पेशंट आहे. डॉक्टर माझ्यावर ओरडतायत.”

“बघतो, मॅडम.”

मी लॅपटॉपकडे वळलो. माझ्यासमोर दोन काळ्या चौकटी शेजारी शेजारी उघड्या होत्या. हॉस्पिटलात स्विच दोन होते, अ आणि ब, एकाच दिवशी विकत घेतलेले जुळे भाऊ. चौकटींमध्ये फरक एका अक्षराचा, वरच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात. आमचं नऊ नंबर अ वर होतं. माझी आज्ञा ब च्या चौकटीत होती, तिच्याखाली स्विचने अदबीने लिहिलं होतं की फेलबॅक बंद करण्यात आलं आहे.

अ वर ते चालूच होतं.

म्हणजे मामांनी केबल घातली तेव्हा आठ सर्व्हर नऊवर आले. काढली तेव्हा दहावर पळाले. पुन्हा आले, पुन्हा पळाले, पुन्हा आले. सात जणांनी ते सहन केलं. आठवा सर्व्हर स्कॅनच्या चित्रांचा होता. तो जुना, त्याला दुसऱ्या स्विचकडे जाणारं कार्डच नव्हतं, ते पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये होतं. तिसऱ्या खेपेला त्याने हात टेकले.

“काय झालं, सर?” मामा रॅकच्या मागून बाहेर आले. गुडघे झटकत होते.

“चित्रांचा सर्व्हर बसला.”

“माझ्यामुळं?”

“बघू,” मी म्हणालो.

‘नाही’ म्हणायला दोन अक्षरं लागतात. ‘बघू’लाही दोनच लागतात.

सर्व्हर पुन्हा सुरू करायला टाकला. त्याला एकोणीस मिनिटं लागतात, तो आधी सगळ्या डिस्क मोजतो. ते चालू असताना मी अ च्या चौकटीत गेलो आणि तीच एका ओळीची आज्ञा दिली. दोन वाजून एकवीस मिनिटं. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की मी दुरुस्ती करतो आहे.

वरचा फोन लागेना, तेव्हा मामा म्हणाले, “मी जाऊन सांगून येतो, किती वेळ लागंल त्ये.” आणि जिना चढून गेले. मी खालीच थांबलो. कोणीतरी थांबायला हवंच होतं.

परत आले तेव्हा ते धापा टाकत होते. “नागनाथ कोरे म्हणून हायेत. साठीचे. स्कूटरवरनं पडले. पोरगी एकटीच बसलीय बाहीर. मी सांगितलं तिला, धा मिन्टं.”

“एकोणीस लागतील, मामा.”

“आवं, मी धा सांगून आलो की.”

त्यानंतर ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

स्कॅन उघडला, कोरेंना ऑपरेशनला नेलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ते गेले. मार असा होता की एकोणीस मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी लेखी दिलं. डॉक्टर लेखी देतात ते बहुधा स्वतःसाठी देतात, पण हे खरं होतं. मी पुढे पुण्यात दोन वेगळ्या न्यूरोसर्जनना भेटून विचारलं. एकाने फी घेतली, दुसऱ्याने घेतली नाही. दोघांनीही तेच सांगितलं.

सात वाजता आम्ही आवराआवर करत होतो. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची, एका हातात पांढरी कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पुरुषाच्या चपला. ती यंत्रांचे लुकलुकणारे दिवे बघत राहिली.

“इथं आणलंय का त्यांना?”

मामा उठले. “इकडं न्हाई ताई. समोर. चला.”

ती हलली नाही. “तुम्हीच आला होतात ना वर? दहा मिनिटं म्हणालात.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “व्हय,” ते म्हणाले. “मीच.”

त्यांनी तिच्या हातातल्या चपला घेतल्या आणि तिला समोरच्या दाराकडे घेऊन गेले. पंख्यांच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. ते अर्ध्या तासाने परत आले. मी तोवर लॅपटॉप बॅगेत भरला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. “अहवाल तुम्हीच लिहायचा, तुमच्या कंपनीच्या फॉर्मवर. आणि हे बघा, ट्रस्टींना कारण एका ओळीत हवंय. त्यांना दुसरी ओळ वाचायची सवय नाही.”

आमच्या फॉर्मवर ‘मूळ कारण’ अशी चौकट असते. तिच्यात दोनशे अक्षरं मावतात. मी लिहिलं, ‘नवीन केबल जोडताना ती तीन वेळा घातली व दोन वेळा काढली गेल्याने सर्व्हरचा स्टोरेजशी संपर्क तुटला.’ सोबत दोन्ही स्विचच्या सेटिंगची छापील प्रत जोडली. दोन्हीवर फेलबॅक बंद होतं. त्या अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. मी तो आजही कोर्टात शपथेवर वाचून दाखवू शकतो.

बैठक चार वाजता होती. साडेतीनला मामा मला कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर भेटले. धुवून इस्त्री केलेला शर्ट घालून आले होते.

“सर, येक इचारू? राग मानू नका.”

“विचारा ना.”

“फेलबॅक बंद असताना मी केबल धा येळा काढली घातली, तरी सर्व्हर जागचे हलत न्हाईत. आसंच हाय न्हवं?”

तेरा वर्षं ते यंत्रांच्या मागे बसले होते. त्यांना यंत्र माझ्याइतकंच कळत होतं.

“तसंच आहे,” मी म्हणालो. “पण कधी कधी…”

“कधी कधी काय?”

“हार्डवेअर आहे, मामा. कधी कधी वेडंवाकडं वागतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. संशयाने नव्हे. संशयाने पाहिलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. एखादा रोगी डॉक्टरकडे बघतो तसं बघत होते, आणि रोग्याला डॉक्टरचं पटायला फारसं लागत नाही.

“आसंल,” ते म्हणाले. “मग माझाच हात जड पडला आसंल.”

बैठकीत तीन ट्रस्टी होते. मधल्याने अहवाल एका ओळीपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

“केबल दोनदा काढायला यांना कोणी सांगितलं होतं?”

कोणीच सांगितलं नव्हतं.

“मग का काढली हो?”

“पुसायला,” मामा म्हणाले.

खोलीत कोणीतरी खाकरलं. मला वाटलं आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि मी बोललो. म्हणालो, “खंडागळे अत्यंत अनुभवी आणि प्रामाणिक आहेत. त्यांच्यासारखा टेक्निशियन मी पाहिलेला नाही.”

“अनुभवी असून असं,” ट्रस्टी म्हणाले, आणि त्यांनी कागद उलटा ठेवला.

एक तारखेला पत्रावर सही झाली नाही. तीस तारखेला संपलेल्या कंत्राटाचं नूतनीकरणही झालं नाही, ही बातमी मॅडमनी मला फोनवर दिली. “वाईट वाटतं हो,” त्या म्हणाल्या. “पण काहीतरी केलेलं दिसायला लागतं.” त्या काही वाईट बाई नव्हत्या. मामांना त्यांनी स्वतःच्या खर्चाने निरोपाचा चहा दिला असं ऐकलं. मी गेलो नाही, मला पुण्यात काम निघालं.

पुढच्या महिन्यात मी त्या तळघरात गेलो तेव्हा रॅकच्या मागे एक नवा पोरगा बसला होता. चटपटीत होता. केबल एकदाच खोचत होता. सगळ्या केबलींवर मामांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तशाच होत्या, शेकडो, आणि मी ज्या ज्या केबलीला हात लावायचो तिथे ते अक्षर. पोराला म्हटलं, या चिठ्ठ्या बदलून टाक, छापील लाव. तो म्हणाला, “कशाला साहेब? मस्त लिहिल्यात. एक पण चुकीची नाहीये.”

त्यानंतर मला एक सवय लागली. कुठल्याही शहरात, कुठल्याही यंत्रासमोर, आज्ञा दिल्यावर मी हात मागे घेतो आणि थांबतो, आणि मागून कोणीतरी विचारतं. पंख्यांच्या आवाजात ते अगदी स्वच्छ ऐकू येतं. मग मी परत बघतो. पुन्हा विचारतं. पुन्हा बघतो. माझी कामं दुप्पट वेळ घेऊ लागली. सहकाऱ्यांनी आधी चेष्टा केली, पुढे कंपनीने मला बिनचूक कामाबद्दल एक काचेचा त्रिकोण दिला. मी आता नव्या मुलांना शिकवतो. फेलबॅकच्या धड्याला मी एक गोष्ट सांगतो, एका इंजिनिअरने कशी चुकीच्या चौकटीत आज्ञा दिली त्याची. मुलं हसतात. विचारतात, त्याचं पुढे काय झालं, सर? मी सांगतो, त्याला बढती मिळाली. मग आणखी हसतात.

अकरा वर्षांनी मी बार्शीला उतरलो आणि मामांच्या गावची एसटी पकडली. खिशात एक कागद होता, त्या दिवसाच्या लॉगची प्रत. स्विच प्रत्येक आज्ञेची वेळ टिपून ठेवतो. ती वही त्या वेळी कोणी मागितली नव्हती, आणि मी दाखवली नव्हती. पण प्रत काढून ठेवली होती. का ठेवली ते विचारू नका. माणसं कशाकशाच्या प्रती ठेवतात.

मामा अंगणात बाजेवर बसून ज्वारीची पोती शिवत होते. एकोणसाठ वर्षांचे. केस गेले होते, बाकी तेच.

“सर?” ते उठले, सुई हातात तशीच. “आवं, सर तुमी? मंदा, कोन आलंय बग. आपले केळशीकर सर.”

मामी डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या आणि मी अडवायच्या आत पाया पडल्या.

“ह्ये लई सांगतात तुमचं,” त्या म्हणाल्या. “तेवढ्या मोठ्या मान्सांत ह्यांच्या बाजूनं तुमीच येकटे बोलला. तेवढ्या येका शब्दावर ह्यांचं डोकं ठिकाणावर ऱ्हायलं बगा. न्हाईतर पयल्या साली काय करून घेतलं आसतं, देव जाणे.” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी कागद काढला. पाठ करून आलेलं भाषण होतं, ते आठवेना. “मामा, हे वाचा,” एवढंच म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेले. एक वाजून बावन्न, स्विच ब, फेलबॅक बंद. मग नऊ नंबरचं येणं जाणं, येणं जाणं, येणं. मग दोन एकवीस, स्विच अ, फेलबॅक बंद. तिथे बोट थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. मी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मामा म्हणाले, “चालूच व्हतं.”

“हो.”

“आन् तुमाला तवाच कळलं व्हतं.”

“हो. तुम्ही वर जायच्या आधी.”

त्यांनी कागदाची आधीच्याच घड्यांवर नीट घडी घातली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“त्या पोरीचं नाव सुरेखा,” मामा म्हणाले. “कोऱ्यांची. मी दरसाल जातो त्यांच्याकडं, सव्वीस तारखेला. पयल्या साली तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या साली पानी दिलं, पन बोलली न्हाई. चार वर्षं लागली तिला. चौथ्या साली म्हनली, मामा, आता मनातनं काढून टाका, मी टाकलंय. तिच्या लग्नात मामा म्हनून मीच हुबा व्हतो पाटामागं. भाऊ न्हवता तिच्या आईला.”

मी बाजेच्या काठावर टेकलो.

“म्हंजे तिनं माफ केलंय मला. आता तुमी सांगताय, त्ये माझं न्हवतंच.” ते कागदाकडे बघत होते. “मग मी जातो कोन म्हनून तिथं?”

“मी तिला भेटून सांगतो, मामा. हॉस्पिटललाही लिहून देतो. तुमच्या नावावरचं…”

“न्हाई.”

“निदान मामींना…”

“न्हाई म्हनतो न्हवं.” आवाज चढला नव्हता. “तिला परत पयल्यापासनं सुरू करायला लावू नका. चार वर्षं आनि कुठनं आननार ती? आन् ही…” त्यांनी आत मान हलवली. “हिचा तुमच्यावर जीव हाय. ऱ्हाऊ द्या तसंच.”

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

मामी चहा घेऊन आल्या, पाठोपाठ पितळी ताम्हनात हळदकुंकू आणि घडी घातलेला एक केशरी फेटा. त्या गावात पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय पाठवत नाहीत. “पोराच्या लग्नातला हाय, कोराच,” त्या म्हणाल्या. “बांधा की ह्यांना. किती वर्सांनी आले.”

मी म्हणालो, नको. मी तीन-चारदा म्हणालो. मामी म्हणाल्या, आसं कसं, आणि मामा उठून माझ्या मागे आले.

फेटा बांधणारा मागे उभा असतो, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नाही. कपाळावरून पहिला वेढा आला, मग दुसरा. त्यांची बोटं माझ्या कानाला लागत होती, गार आणि खरखरीत. कुठे घाई नव्हती, कुठे ओढ जास्त पडली नाही. मामी समोर उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. शेवटचं टोक खोचून त्यांनी तळव्याने एकदा दाबलं आणि हात तिथेच ठेवला. किती वेळ ठेवला, मला सांगता येणार नाही.

“झालं,” ते म्हणाले.

एसटीपर्यंत दोघंही आले. मामांनी कंडक्टरला सांगितलं, “आमचे सर हायेत. नीट न्या.” मी खिडकीतून हात जोडले तेव्हा त्यांनीही जोडले. नेहमीसारखे.

शेजारच्या म्हाताऱ्याने फेट्याकडे बघून विचारलं, “कुनाकडं आलावता पाव्हनं?”

“खंडागळ्यांकडे.”

“लई गुनी मानूस,” तो म्हणाला. “दवाखान्यात व्हता मोठ्या. येकदा हातनं चूक झाली, येक मानूस गेला. सवताच सांगतो सगळ्यांना, लपवत न्हाई. आजकाल आसा कोन कबूल करतो?”

गाडीने वळण घेतलं. म्हातारा माझ्या उत्तराची वाट बघत होता.

“कोणी नाही,” मी म्हणालो.